टपावरची होडी

वाशिम जिल्ह्यात पाणी आहे, पण ते सलग नाही. पैनगंगा जिल्ह्याच्या दक्षिणेकडून वाहते. अडाण आणि अरुणावती इथल्याच माळरानावर उगम पावून यवतमाळकडे उतरतात. पावसाळा सरला, की या नद्यांची पात्रं बऱ्याच ठिकाणी डोहापुरती उरतात. पैनगंगेवर तर ठिकठिकाणी बॅरेज बांधलेली आहेत. त्यांच्यामागे पाणी तुंबून राहतं, सिंचनाची सोय होते, पण वाहत्या नदीचे तुकडेही पडतात. एका बॅरेजच्या पाण्यातली होडी पुढच्या बॅरेजच्या पाण्यात वल्हवत नेता येत नाही. बाकीचं पाणी धरणांत आहे. वाशिम शहराची तहान भागवणारं एकबुर्जी, कारंजाचं अडाण आणि सोनल हे तीन मध्यम प्रकल्प, शिवाय शंभरावर लहान तलाव. अशा मुलखात ज्याला होडी वापरायची असेल, त्याला ती पाण्याइतकीच रस्त्यावरही चालवावी लागते.

इथल्या मासेमारांनी हा प्रश्न आपल्या परीनं कधीच सोडवलेला आहे. थर्माकोलचे जाड ठोकळे जाळ्यात किंवा पोत्यात आवळून केलेला तराफा, नाहीतर ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब. ट्यूब हवा सोडून मोटारसायकलच्या मागे बांधता येते आणि तराफा एकटा माणूस डोक्यावर घेऊन बांधाबांधानं जातो. भार कमी ठेवणं हाच त्यांचा उपाय, आणि तो शहाणपणाचा आहे. मात्र थर्माकोल उन्हानं झिजतो, त्याचे दाणे पाण्यात सुटतात, आणि तराफ्यावर दुसरा माणूस घेता येत नाही. पुरात अडकलेल्याला काढायचं असेल किंवा विसर्जनाच्या दिवशी तलावात लक्ष ठेवायचं असेल, तर तळ असलेली, काठ असलेली होडीच लागते. शेजारच्या अकोला जिल्ह्यातलं पिंजरचं संत गाडगेबाबा बचाव पथक अशा शोधकामासाठी वऱ्हाडभर ओळखलं जातं. पथकाकडे हात पुष्कळ असतात. गावातल्या एखाद्या पोहणाऱ्या पोराकडे, पक्षी मोजायला निघालेल्या शिक्षकाकडे किंवा तलावाची राखण करणाऱ्याकडे बहुधा दोनच हात असतात. गाडी असते, गाडीच्या टपावर कॅरिअर असतं आणि समोर फायबरची तीन मीटरची होडी पडलेली असते. ती वर कशी न्यायची, हा या प्रकरणाचा विषय.

आकड्यांनी सुरुवात करू. होडी ३६ किलोची धरू. या मापाच्या फायबरच्या किंवा प्लास्टिकच्या हलक्या होडीसाठी हे वजन रास्त आहे. ३६ किलो ऐकायला फार वाटत नाहीत. बाजार समितीतला हमाल त्याहून जड कट्टा पाठीवर घेऊन दिवसभर चढ-उतार करतो. पण हमाल करतो म्हणून ते शरीराला मानवतं, असं समजणं म्हणजे त्याच्या पाठीशी बेइमानी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली धडधाकट पुरुषानं उचलण्याच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सुचवली. महाराष्ट्रात त्यानंतर दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठीचा माथाडी कायदा आला. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेनं पुढे ओझ्याचं जे सूत्र मांडलं, त्यात सगळं अनुकूल असतानाची मर्यादा अवघी २३ किलो आहे. अनुकूल म्हणजे ओझं अंगाजवळ, कंबरेच्या उंचीवर, पकड चांगली आणि अंग न वळवता. होडीच्या बाबतीत यातलं एकही नसतं. ती लांब असते, धरायला गुळगुळीत असते, वारा आला की फिरते आणि डोक्याच्या वर न्यायची असते. म्हणून ३६ किलो एकट्यानं एकाच वेळी उचलायचे, हा विचार आधी मनातून काढून टाकायचा.

होडीचं एक टोक जमिनीवर असू द्या आणि दुसरंच उचला. जमीन अर्धं वजन घेते, हाताला १८ किलो येतात. एका टोकाला धरून सरळ वर उचलत राहिलं, तर होडी कितीही तिरपी झाली तरी हातावरचा भार जवळपास तेवढाच राहतो. चूक इथं एकच होते आणि ती सगळेच करतात. शिडी उभी करताना आपण हात बदलत तिच्या खाली खाली सरकतो, तसंच होडीखाली शिरायचा मोह होतो. जमिनीवरच्या टोकापासून तीन मीटरवर धरलं तर १८ किलो, दोन मीटरवर धरलं तर २७ किलो आणि मध्यावर पोचलात तर सगळे ३६. शेवटपर्यंत टोक सोडायचं नाही.

होडी आधी पालथी करायची. काठ खाली, तळ वर. गाडीच्या मागे ती तिरकी अशी ठेवायची, की तिचं मागचं टोक गाडीपासून साधारण सव्वादोन मीटर लांब राहील आणि पुढचं टोक मागच्या चाकाच्या शेजारी येईल. सरळ रेषेत ठेवली तर उचलल्यावर ती गाडीपर्यंत पोचतच नाही, कारण उभी-तिरपी झालेली होडी जमिनीवर कमी जागा व्यापते. मागचं टोक सरकू नये म्हणून त्याच्यामागे दगड. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि पुढच्या चाकासमोरही दगड हवाच, कारण पुढच्या टप्प्यात आपण होडी ढकलणार म्हणजे गाडीही ढकलणार. शक्य असेल तर हे काम मुरमावर करावं. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय घसरतो आणि घसरलेल्या पायावर १८ किलोही फार होतात.

पुढचं टोक दोन्ही हातांनी छातीपर्यंत, तिथून खांद्याच्या वर, आणि मग वळवून टपाच्या मागच्या कडेवर टेकवायचं. कॅरिअरची मागची दांडी कडेपासून बरीच आत असते, त्यामुळे तिरपी होडी दांडीला लागायच्या आधी कडेलाच टेकते. पत्र्याचा रंग खरवडू नये म्हणून तिथं जुनी गोधडी नाहीतर रबराची जाड मॅट घातलेली असावी. होडी आता दोन जागी टेकलेली आहे, एक टोक जमिनीवर आणि एक गाडीवर, आणि तुमचे दोन्ही हात मोकळे आहेत. मला तरी सगळ्या कृतीत हा क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो. इथं थांबता येतं, दम खाता येतो, पट्टा विसरला असेल तर आणता येतो. एकट्यानं करायच्या कुठल्याही जड कामात अशी थांबायची जागा हवीच. ती नसेल तर ते काम एकट्याचं नव्हे.

मग मागच्या टोकाशी जायचं. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून ते उचलायचं. समजा, होडी टेकूच्या पुढे ३० सेंटीमीटर गेलेली आहे. तिचा भारमध्य टेकूपासून १.२ मीटर मागे आहे आणि तुमचे हात २.७ मीटर मागे. हिशेब केला तर हातावर १६ किलो येतात. होडी पुढे ढकलत जाल तसा भारमध्य टेकूकडे सरकतो. टेकूच्या एक मीटर पुढे गेली, की हातावर ९ किलो उरतात. दीड मीटर गेली, की शून्य. होडी तराजूच्या दांडीसारखी तोलते. तिथून पुढे ती आपल्याच वजनानं पुढच्या दांडीवर कलते. तेवढा शेवटचा क्षण मात्र हात सैल सोडायचा नाही, नाहीतर ती आदळते.

ढकलताना अडचण होते ती घर्षणाची. पकड बसावी म्हणून दांडीला रबर किंवा पोतं गुंडाळलं, तर होडी वर चढताना तिथंच अडते. यावरचा उपाय वाशिमच्या कुठल्याही शेतात पडलेला सापडतो. पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा, दांडीपेक्षा जरा मोठ्या व्यासाचा, मागच्या दांडीवर सैल चढवायचा. दांडी गोल असेल तर तो पाइप रुळासारखा फिरतो आणि होडी एका हातानं पुढे जाते. चौकोनी दांडीवर तो नीट फिरत नाही, तरी गुळगुळीतपणाचा फायदा मिळतोच. प्रवासात हाच गुण अवगुण होतो, म्हणून बांधताना होडीला पुढे-मागे सरकू न देणारी दोरी वेगळी लावावी लागते.

बैलगाडी भरणाऱ्याला यातलं काहीच नवीन नाही. गाडीत कडबा किंवा कापूस मागे जास्त भरला, तर गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरला, तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. चांगला गाडीवान आसाच्या किंचित पुढे भार ठेवतो आणि उरलेला तोल स्वतःच्या बैठकीनं सांभाळतो. चढ लागला की पुढे सरकतो. आस म्हणजे टेकू आणि गाडीवान म्हणजे हलवता येणारं वजन. तरफेचा नियम आर्किमिडीजच्या नावावर आहे, तो योग्यच. पण वऱ्हाडातल्या शेतकऱ्यानं तो पहारीनं दगड उलथताना आणि गाडी भरताना रोज वापरलेला आहे, आणि होडीपाशी उभं राहिल्यावर त्यानं स्वतःला अडाणी समजायचं कारण नाही.

जगात इतरत्रही एकट्या माणसानं होडी वाहून नेण्याच्या रीती याच नियमावर उभ्या आहेत. कॅनडातले आदिवासी आणि त्यांच्याकडून शिकलेले फरचे व्यापारी दोन सरोवरांमधली जमीन होडी डोक्यावर घेऊन ओलांडत. आजच्या हलक्या होड्यांना त्यासाठी जवळपास भारमध्यावर एक आडवं लाकूड असतं, खांद्याच्या आकारात कोरलेलं. भार मागच्या बाजूला किंचित जास्त ठेवतात, म्हणजे पुढचं टोक वर राहतं आणि वाट दिसते. वेल्समधली लाकडी सांगाड्याची लंबगोल होडी पट्ट्यानं पाठीवर टाकून कोळी एकटाच नदीकाठी जातो. या लोकांकडे टप नव्हता. त्यांचा टेकू म्हणजे स्वतःचा खांदा. आपल्याकडे टप आहे, पण त्याचीही सोसण्याची मर्यादा आहे.

ती मर्यादा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते आणि ती वाचल्याशिवाय वर काहीही ठेवू नये. बऱ्याच गाड्यांत ती ५० ते ७५ किलोच्या दरम्यान असते आणि कॅरिअरचं वजनही त्यातच धरायचं असतं. ३६ किलोची होडी आणि दहा-बारा किलोचं कॅरिअर धरलं, तर लहान गाडीत हिशेब काठावर येतो. वल्ही, जाळी, जॅकेट होडीखाली कोंबून टपावर न्यायचा मोह आवरावा. ते सामान गाडीत ठेवायचं. होडी पालथी नेण्याचं कारणही वजनातच आहे. उताणी ठेवली आणि वाटेत जुलैचा पाऊस लागला, तर दोन चौरस मीटरच्या तळात पाच सेंटीमीटर पाणी साचायला वेळ लागत नाही, आणि ते पाणी १०० किलो भरतं.

बोलेरोसारखी उंच गाडी असेल, तर टोक कडेपर्यंत पोचवणंच अवघड. तिथं मागच्या कडेला दोन मजबूत बांबू टेकवून उतार करायचा, आणि पुढच्या टोकाला बांधलेली दोरी टपावरून पुढे घेऊन बोनेटच्या बाजूनं ओढायची. उतार जितका लांब, तितकं बळ कमी लागतं आणि अंतर तितकंच वाढतं. ड्रम ट्रकमध्ये चढवताना फळ्या लावतात त्या याचसाठी. मात्र बांबू वरच्या बाजूला कॅरिअरला बांधलेच पाहिजेत.

आता बांधणं. या भागाची लोक घाई करतात, आणि अपघात याच भागात दडलेला असतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ४० किलोमीटरला समोरून येणारी हवा दर चौरस मीटरवर सुमारे साडेसात किलोचा दाब देते. ८० ला तो ३० किलो होतो. १२० ला, म्हणजे कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या भागातून गेलेल्या समृद्धी महामार्गावर मोटारींना जो कमाल वेग मान्य आहे त्याला, तो ६८ किलोच्या आसपास जातो. पालथ्या होडीचा तळ दोन-तीन चौरस मीटरचा असतो. तिचं पुढचं टोक जरा वर राहिलं, की हवा खाली शिरते आणि होडीला वर उचलू पाहते. ३६ किलो वजनाच्या भरवशावर ती बसून राहील, हा समज ताशी ४० पर्यंत कदाचित चालून जाईल. टपावर होडी असताना ७०–८० च्या वर जाऊच नये, मग रस्ता कितीही मोकळा असो.

दोन पट्टे आडवे, एक पुढच्या दांडीला आणि एक मागच्या. तिसरी दोरी होडीच्या पुढच्या टोकापासून गाडीच्या पुढच्या ओढहुकापर्यंत, चौथी मागून तशीच. या दोन दोऱ्या होडीला सरकू देत नाहीत; अचानक ब्रेक दाबला, की होडी जवळजवळ आपल्या वजनाइतक्याच जोरानं पुढे झेपावते. पट्टा सपाट ठेवला तर वाऱ्यात थरथरून घरघर वाजतो, त्याला एक पीळ दिला की थांबतो. रॅचेटचा पट्टा असेल तर तो फार आवळू नये. मे महिन्यातल्या वऱ्हाडी उन्हात प्लास्टिकची होडी मऊ पडते आणि जास्त आवळलेल्या जागी कायमचा खळगा पडतो.

रॅचेट नसलं तरी अडत नाही. सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात ताडपत्री बांधणाऱ्या क्लीनरकडे एकदा नीट पाहावं. दोरीचं टोक तो एका बाजूच्या हुकाला बांधतो आणि दोरी मालावरून पलीकडे फेकतो. पलीकडे येऊन, छातीच्या उंचीवर, दोरीच्या मध्येच एक पीळ देऊन त्यातून दुसरा वळसा ओढून घेतो. छोटा फासा तयार होतो. खाली उरलेली दोरी बॉडीच्या हुकातून घेऊन पुन्हा वर त्या फाशातून ओवतो, आणि मग एक पाय चाकावर रोवून सगळ्या अंगानं मागे झुकतो. दोरी करकरते. ओढलेलं बळ न सोडता तो अंगठ्यानं दोरी फाशापाशी दाबून धरतो आणि दोन अडकण टाकतो. हा फासा आणि तो हुक मिळून कप्प्यांची जोडी होते. घर्षण नसतं तर ओढ तिपटीनं वाढली असती. प्रत्यक्षात दोरीवर दोरी घासून त्यातला बराच भाग वाया जातो, तरी उरलेली ओढ साध्या गाठीपेक्षा पुष्कळ जास्त असते. शिवाय ही गाठ टोक ओढलं की सुटते, चाकूनं कापावी लागत नाही.

दोरी कशाची, हेही पावसात महत्त्वाचं ठरतं. पूर्वी इकडे अंबाडीचा वाख काढून दोर वळत. तो दोर भिजला की आखडतो आणि बांधलेलं आणखी आवळलं जातं. नायलॉन उलटं वागतं: भिजलं की ताणलं जातं आणि गाठ घट्ट असूनही ओझं सैल होतं. म्हणून पावसाळ्यात नायलॉनऐवजी पॉलिएस्टरचे पट्टे बरे. दोरी कुठलीही असो, निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सगळं पुन्हा हातानं हलवून पाहायचं. पहिल्या काही गतिरोधकांवर दोऱ्या आपापली जागा घेतात आणि तिथंच ढिल्या पडतात.

कायद्याचंही एक पाहून घ्यावं. गाडीच्या बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला परवानगीबाहेर माल गेला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनं २०,००० रुपये दंडाची तरतूद केलेली आहे, आणि तो माल उतरवून घेण्याचा खर्चही आपल्याच माथी येतो. चार मीटरच्या गाडीवर तीन मीटरची होडी मध्यावर ठेवली, तर ती पुढे-मागे गाडीबाहेर जात नाही. याहून लांब होडी लहान गाडीवर न्यायचीच नाही. तिला टेम्पो किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली बरी.

उतरवताना सगळं उलट क्रमानं, पण एक फरक ध्यानात ठेवून. चढवताना होडी हळूहळू हलकी होत गेली होती, आता ती हळूहळू जड होत जाते. मागे ओढताना भारमध्य मागच्या दांडीवरून निसटला, की मागचं टोक एकदम खाली येऊ पाहतं. त्या आधीच दोन्ही हात टोकाखाली पोचलेले असावेत आणि पाय मागे नेता येईल इतकी मोकळी जागा असावी. पाण्यातून काढलेली होडी तर कोरड्या होडीपेक्षा नेहमीच जड असते. आत उरलेलं पाणी पूर्ण निथळल्याशिवाय ती पुन्हा वर चढवायला घेऊ नये.

निथळवण्याचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. वाशिम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर वसलेला आहे. काटेपूर्णा नदी वाशिम तालुक्यातल्या काटा गावाजवळ उगम पावते, उत्तरेला अकोल्याकडे जाते आणि पूर्णेतून तापीला मिळून अरबी समुद्राकडे वाहते. तिथून फार लांब नसलेल्या एकबुर्जीचं पाणी पैनगंगेतून गोदावरीच्या खोऱ्यात उतरतं आणि बंगालच्या उपसागराला जातं. ही दोन पाणी आपणहून कधी एकमेकांना भेटत नाहीत. टपावरची होडी मात्र सकाळी एकबुर्जीत आणि दुपारी काटेपूर्णेच्या धरणात असू शकते, आणि तिच्या तळाला चिकटलेलं जलपर्णीचं एखादं रोपटंही. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट पसरते आणि मासेमारांना जाळं टाकायला जागा ठेवत नाही. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांत १९८८ साली पट्टेदार परदेशी शिंपले सापडले. पुढे ते शेकडो तळ्यांत पोचले, ते मुख्यतः हौशी लोकांच्या गाड्यांमागून फिरणाऱ्या होड्यांना चिकटून. आता तिथल्या अनेक राज्यांत रस्त्यांवर चौक्या आहेत आणि होड्या तपासून, गरज पडली तर धुऊन, मगच पुढे सोडतात.

आपल्याकडे अशा चौक्या नाहीत, म्हणून ही तपासणी ज्याची होडी त्यानंच करायची. पाण्यातून काढल्यावर काठाची खाच, वल्ह्याची कडी, दोरीचे पीळ, जिथं जिथं हिरवं दिसेल तिथून ते बोटांनी काढायचं आणि पाण्यापासून लांब, कोरड्या जमिनीवर टाकायचं. होडी साध्या पाण्यानं धुवायची. मग दुसऱ्या धरणावर नेण्याआधी ती तीन-चार दिवस अंगणात, उन्हात, पालथी वाळू द्यायची. पावसाळ्यात ऊन नसेल तर जास्त दिवस, आणि तोवर दोरी व जाळीही वेगळी पसरून ठेवायची.